तालमीच्या दाराशी नवखा : हौशी मराठी रंगभूमीने माणसे आत कशी घेतली?

१/
शाळा सुटलेली असते. वर्गातील बाके भिंतीला लावलेली असतात आणि दहा-बारा माणसे हातात संहितेच्या झेरॉक्स घेऊन बसलेली असतात. कोणी बँकेतून, कोणी कारखान्याच्या पाळीवरून, कोणी महाविद्यालयातून परस्पर आलेले. दाराशी एक अनोळखी चेहरा घुटमळतो आणि आतून प्रश्न येतो : "नाटकात काम करणार का?" महाराष्ट्रात आणि गोव्यात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. तो कोणाला विचारला गेला आणि कोणाला विचारलाच गेला नाही, याचा शोध आजच्या थ्रेडमध्ये घेऊ.

२/
प्रथम एका क्रियापदाकडे लक्ष द्या. मराठीत आपण गाणे गातो, चित्र काढतो. नाटकात मात्र 'काम करतो'. ज्याला त्याबद्दल एक पैसाही मिळत नाही, उलट पदरची वर्गणी भरावी लागते, तोही 'मी अमुक नाटकात काम केले' असेच अभिमानाने सांगतो. 'हौस' हा शब्द आपल्याकडे 'हवस' या फारसी-अरबी शब्दावरून आला. हौस आणि काम या दोन टोकांच्या शब्दांना भाषेने एकत्र बसवले आहे. हौशी नटाची सारी ओढाताण त्या जोडीत दिसते : पोट भरते दुसरीकडे, जीव रमतो इकडे.

३/
रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा नाटककार, नट आणि कंपन्या यांच्या नावांनी वाचतो. हौशी रंगभूमीकडे पाहताना मला दुसरा प्रश्न अधिक उपयोगी वाटतो : नवखा माणूस आत कसा येत होता? त्याला कोण शिकवत होते, त्याने आधी कोणते काम करायचे, आणि कोणत्या जातीच्या, लिंगाच्या, वर्गाच्या माणसासाठी दार मुळातच लावलेले होते? आत येण्याची रीत जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा मराठी नाटकही बदलले, असे पुढील घटनाक्रमावरून दिसते.

४/
आरंभ सांगलीपासून. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगली संस्थानात झाले. अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे, पण अधिक सुसंस्कृत खेळ मराठीत रचण्याचे काम आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांच्यावर सोपवले. भावे तरुण होते. लाकडी बाहुल्या घडवण्यात त्यांचा हातखंडा होता. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर'चा प्रयोग झाला. आज हाच दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. सांगलीत या नव्या प्रकाराचा अनुभव असलेला नट असणे शक्यच नव्हते. म्हणजे तो प्रयोग सर्वार्थाने नवख्यांचा होता.

५/
त्या प्रयोगात नवख्याने नेमके काय करायचे असे? सूत्रधार आख्यानातील पदे गाई. पात्रे त्यानुसार अभिनय करीत आणि भाषणे बव्हंशी तेथल्या तेथे, स्वतःच्या शब्दांत रचून बोलत. लिहिलेले संवाद नसत. अशा नाटकात उभे राहायचे तर पुराणकथा तोंडपाठ हवी, वाणी चालती हवी आणि सूत्रधाराच्या तोंडाकडे सतत लक्ष हवे. कीर्तन-पुराणाच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला हे जमे. ज्याला ते वातावरण मिळालेच नव्हते, त्याला या रंगमंचावर जागा नव्हती. दाराची पहिली चौकट ही अशी होती.

६/
१८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि राजाश्रय संपला. भाव्यांची मंडळी तिकीट लावून गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये त्यांचे प्रयोग मुंबईत झाले. येथे एक वाट फुटली. नाटक हा पोटाचा धंदा झाला आणि त्या पाठोपाठ फिरत्या नाटक मंडळ्या निघाल्या. 'धंदेवाईक' हा शब्द रूढ झाल्यावरच 'हौशी' या शब्दाला अर्थ आला. दोघांचा जन्म एकाच घरातला, हे विसरू नये.

७/
आता एका लावलेल्या दाराची गोष्ट. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी स्त्री आणि तिचा पती यांना ग्रहदशेचे भय घालून लुबाडणारा जोशी, त्याचे ढोंग उघडे पाडणारा विदूषक आणि अखेरीस फुले दांपत्याच्या रात्रशाळेत शिकायला निघालेले ते कुणबी जोडपे, असे त्याचे कथानक. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ते छापील स्वरूपात वाचकांसमोर आले १९७९ मध्ये.

८/
तारखा शेजारी ठेवून पाहा. सांगलीनंतर अवघ्या बारा वर्षांत शेतकरी कुटुंबाला मध्यभागी ठेवणारे, पुराणकथेचा आधार न घेणारे मराठी नाटक लिहून तयार होते. त्याला प्रयोग मिळाला नाही, तालीम मिळाली नाही, नट मिळाले नाहीत. सव्वाशे वर्षे ते हस्तलिखितातच राहिले. हे नाटक तेव्हा रंगमंचावर आले असते तर रंगभूमी कशी घडली असती, यावर तर्क करीत बसण्यात अर्थ नाही. परंतु 'सर्वांसाठी खुली हौस' असे ज्याला आपण म्हणतो, ती किती जणांसाठी खुली होती, याचे उत्तर या एका नकारात मिळते.

९/
चौकट पहिल्यांदा रुंदावली ती छापखान्यामुळे. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाचे 'थोरले माधवराव पेशवे' आले. ते गद्य होते, ऐतिहासिक होते आणि पूर्ण लिहिलेल्या संवादांचे होते. अशा नाटकांना तेव्हा 'बुकिश' नाटके म्हणत. या शब्दात थोडी चेष्टा असली तरी बदल मोठा होता. भाषण आता पुस्तकात होते. ज्याला वाचता येते तो कारकून किंवा विद्यार्थी घरी बसून आपली वाक्ये पाठ करू शकत होता. पुराणिकाच्या परंपरेत वाढलेला नसतानाही तो नट होऊ शकत होता. अर्थात वाचता येणे हीच तेव्हा मूठभरांची मिरास होती. नवी चौकटही सर्वांच्या मापाची नव्हती.

१०/
लिखित संहितेबरोबर एक पडद्याआडचा माणूस महत्त्वाचा ठरला : प्रॉम्प्टर. विंगेत उभा राहून, ओठांवर ओठ ठेवल्यागत हलक्या आवाजात वाक्य पुरवणारा. त्याला सर्वांची वाक्ये, सर्वांचे प्रवेश आणि कोणता नट कोठे अडखळतो हे ठाऊक असते. एखादा नट तालमीला आला नाही की त्याची वाक्ये तोच वाचतो. त्यामुळे हौशी मंडळात नव्या माणसाच्या हाती पहिल्यांदा संहिता देऊन त्याला विंगेत उभे करण्याची रीत पडली. प्रेक्षकांना तो दिसत नाही. पण नाटक आतून कसे चालते, हे त्याच्याइतके कोणालाच दिसत नाही.

११/
पुढचे वळण सरकारी कचेरीतून आले. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ चा, म्हणजे 'सीता स्वयंवर'च्याच वर्षाचा. ते महसूल खात्यात नोकरीला होते. पारशी मंडळीचे 'इंद्रसभा' पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. मराठी संगीत रंगभूमीचा पाया नोकरी सांभाळून नाटकाचा छंद करणाऱ्या माणसाने घातला. पुढे त्यातूनच किर्लोस्कर नाटक मंडळी ही बलाढ्य व्यावसायिक संस्था उभी राहिली.

१२/
अशा व्यावसायिक मंडळीत शिरणे म्हणजे घर सोडणे. नट, गवई, कपडेवाला, आचारी असे सारे बिऱ्हाड गावोगाव फिरे. मुले लहानपणी दाखल होत आणि कंपनीतच वाढत, शिकत. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. 'पोरगा नाटक कंपनीत पळून गेला' हे वाक्य त्या काळी कुटुंबावर आकाश कोसळल्यासारखे उच्चारले जाई. हौशी मंडळाने तिसरा मार्ग काढला : दिवसा नोकरी, रात्री तालीम, आणि झोपायला आपल्या घरी. मध्यमवर्गाला परवडणारे धाडस ते हेच.

१३/
या तिसऱ्या मार्गाची ठिकाणे कोणती? एक, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने. दोन, तरुणांचे क्लब. पुण्याच्या आजच्या भरत नाट्य संशोधन मंदिराचे मूळ १८९४ च्या स्टुडंट्स सोशल क्लबमध्ये आहे. तीन, १८९० च्या दशकात सार्वजनिक झालेला गणेशोत्सव, त्यातील मेळे आणि पुढे चाळीचाळीतून होऊ लागलेली नाटके. चार, गावची जत्रा. कोकणात आणि गोव्यात देवळासमोरच्या मांडवात गावकऱ्यांनीच नाटक करण्याची परंपरा घट्ट रुजली. तेथे नवखा कोणाच्या ओळखीने येत नाही. तो गावचाच असतो. वयात आला की त्याला भूमिका मिळते.

१४/
मात्र या चारही ठिकाणी, फार काळ, अर्धी माणसे वगळलेली होती. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकातही होत्या. परंतु पांढरपेशा समाज त्यांच्याकडे प्रतिष्ठेने पाहत नसे. कंपनीतील मुलगा 'पळून गेला' म्हणून रडणारे घर, मुलीच्या बाबतीत तसा विचारही मनात येऊ देत नव्हते. हौशी मंडळात 'नवखा' हा शब्द दीर्घकाळ पुल्लिंगीच राहिला.

१५/
१ जुलै १९३३ हा दिवस म्हणून महत्त्वाचा. त्या दिवशी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते. दिग्दर्शन केशवराव दाते यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. संस्थेमागे के. नारायण काळे, अनंत काणेकर यांच्यासारखे शिकलेले तरुण होते. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या : ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक. संस्था फार वर्षे टिकली नाही. तरीही सुशिक्षित घरातील स्त्री रंगमंचावर उभी राहू शकते, हे मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर 'शक्य नाही' हे उत्तर देणे अवघड झाले.

१६/
याच सुमारास बोलपट आले. १९३१ चा 'आलम आरा', १९३२ चा 'अयोध्येचा राजा', आणि पाहता पाहता मोठ्या नाटक कंपन्या मोडकळीस आल्या. नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. ज्यांचे पोट नाटकावर होते, त्यांना नाटक सोडावे लागले. ज्यांचे पोट दुसरीकडे भरत होते, त्यांना ते सोडण्याची गरजच नव्हती. १९४३ मध्ये सांगलीत रंगभूमीची शताब्दी साजरी झाली आणि १९४४ मध्ये डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाचा नाट्यमहोत्सव झाला. पडझडीच्या त्या काळात दिवा तेवत ठेवण्यात हौशी हातांचा वाटा मोठा होता.

१७/
त्या हातांमध्ये गिरणी कामगारांचेही हात होते, आणि ते अनेकदा उल्लेखातून सुटतात. परळ-लालबागच्या चाळींतून कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची मंडळे होती. पाळी संपवून आलेले कामगार तालीम करीत. परळचे दामोदर नाट्यगृह हे या कामगार रंगभूमीचे हक्काचे घर. सणाला गावी गेलेला चाकरमानी मुंबईत शिकलेली नाटकाची तंत्रे गावच्या मांडवात घेऊन जाई. पुढे कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांनी या हौसेला नियमित व्यासपीठ दिले.

१८/
येथे स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळी व्यवस्था रूढ झाली. अनेक गावांतील आणि कामगार मंडळांतील पुरुष हौशी असत. स्त्रीभूमिकेसाठी मात्र बाहेरून नटी बोलावली जाई आणि तिला एका प्रयोगाचे मानधन, म्हणजे 'नाइट', दिली जाई. एकाच रंगमंचावर त्याच्यासाठी नाटक हौस होते आणि तिच्यासाठी रोजगार. अनेकदा मोजक्या तालमींवर ती अख्खी भूमिका उभी करी. तिच्या पाठांतराची आणि हजरजबाबीपणाची दखल रंगभूमीच्या इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. हौशी रंगभूमी पूर्णपणे हौशी होती, हे म्हणणे तिला वगळूनच करता येते.

१९/
आणखी एक दार त्याच सुमारास आतून नव्हे, बाहेरून उघडले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केले. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना वाचनाचाच हक्क नाकारला होता, ती मुले आता लिखित संवाद पाठ करून आपल्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेदनेविषयी बोलत होती. 'तृतीय रत्न'मधील कुणबी जोडपे रात्रशाळेकडे निघाले होते, त्याला शंभर वर्षे होत आली होती. दलित रंगभूमीच्या इतिहासात 'युगयात्रा'चे स्थान म्हणून आरंभाचे मानतात.

२०/
१९५४ मध्ये तत्कालीन मुंबई राज्य सरकारने नाट्यस्पर्धा सुरू केली. तीच पुढे महाराष्ट्राची राज्य नाट्यस्पर्धा झाली. रचना साधी : निरनिराळ्या केंद्रांवर प्राथमिक फेरी, तेथील निवडक नाटकांची अंतिम फेरी. परिणाम दूरगामी झाला. मुंबई-पुण्याच्या ओळखी नसलेल्या जिल्ह्याच्या गावातील मंडळाला एक ठरलेली तारीख, खरे नाट्यगृह आणि परीक्षक मिळाले. बक्षिसे केवळ अभिनयाला नव्हती. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही होती. म्हणजे रंगमंचावर तोंड उघडायला घाबरणारा माणूसही नाटकवाला म्हणून नाव कमावू शकत होता.

२१/
स्पर्धेचे तोटेही झाले. परीक्षकांना काय आवडेल, हे पाहून नाटके निवडली जाऊ लागली. काही मंडळे वर्षातून एकदाच, स्पर्धेपुरती, जागी होतात. तरीही हिशेबाची बाजू मांडायची तर याच स्पर्धेने नव्या लेखनाला असा रंगमंच दिला जेथे तिकीटविक्रीचे भय नव्हते. त्यातलेच एक नाटक आपल्या विषयाच्या थेट मुळाशी जाते. ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'.

२२/
१९६० मध्ये विजया मेहता, अरविंद देशपांडे, तेंडुलकर, श्री. पु. भागवत प्रभृतींनी 'रंगायन' उभी केली. 'शांतता!' हे रंगायनने १९६७ च्या राज्य स्पर्धेत केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली होती; त्यांचे आपापसातले बोलणे ऐकताना नाटकाचे बीज पडले. हौशी रंगभूमीवर, हौशी संस्थेने, हौशी नाटकवाल्यांविषयीच केलेले हे नाटक आहे.

२३/
कथानकाकडे नवख्याच्या बाजूने पाहा. मुंबईची मंडळी एका गावात प्रयोगाला आली आहे. एक नट आलेला नाही. त्याच्या जागी सामंत नावाच्या गावातील साध्या, भाबड्या माणसाला उभे करायचे ठरते. त्याने न्यायालय कधी पाहिलेले नाही. मग त्याला कामकाज समजावे म्हणून संध्याकाळच्या प्रयोगाआधी गंमत म्हणून एक खोटा खटला चालवायचा बेत होतो. आरोपी कोण? मंडळीतीलच अविवाहित शिक्षिका, लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. नवख्याला शिकवण्याच्या निमित्ताने सुरू झालेला खेळ पाहता पाहता एका स्त्रीच्या खाजगी आयुष्याची शिकार होतो.

२४/
सामंत साक्षीला उभा राहतो तेव्हा काय बोलावे त्याला कळत नाही. तो हातातल्या कादंबरीतील मजकुराच्या आधारे साक्ष देतो आणि तीच बेणारेविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते. त्याच्या मनात पाप नाही. त्याला फक्त दिलेले काम नीट करायचे आहे. नाटकाच्या आरंभी याच सामंताने बेणारेला त्या सभागृहाच्या दाराच्या कडीची खोड दाखवलेली असते : कडी अर्धवट राहिली तर दार बाहेरून लागते. पुढे ती निघून जाऊ पाहते तेव्हा दार उघडत नाही. शेवटी सारे पांगल्यावर कापडी हिरवा पोपट तिच्याजवळ हळूच ठेवून जातो, तोही सामंतच.

२५/
हौशी मंडळाची इतकी कठोर चिकित्सा मराठीत क्वचितच झाली असेल. ज्या गटात सर्वजण एकमेकांना ओळखतात, जेथे कोणी मालक नाही आणि कोणी नोकर नाही, तेथेही सत्ता असते. ती वयाची असते, पुरुष असण्याची असते, संस्था चालवणाऱ्यांची असते. 'आपण सारे घरचेच' या वाक्याखाली ती सहज झाकली जाते. नवखा तिथली रीत शिकतो, तेव्हा नाटकाबरोबर ही सत्ताही शिकतो. आणि ही चिकित्सा हौशी रंगभूमीनेच स्वतःच्या रंगमंचावर, स्वतःच्या स्पर्धेत घडवून आणली, हे तिचे मोठेपण.

२६/
पुण्याकडे वळू. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा भरवते. येथे लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य सारे अंगावर घेणारी मुले बहुधा विशीच्या आतबाहेरची असतात. दरवर्षी जुनी मुले पदवी घेऊन जातात आणि गटाला नवी माणसे शोधावीच लागतात. नवखे घेणे ही येथे मेहेरबानी नसते. ती गटाच्या जिवंत राहण्याची अट असते. सहा दशके ही स्पर्धा टिकण्याचे एक कारण मला यात दिसते.

२७/
त्याच पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 'घाशीराम कोतवाल' केले. दिग्दर्शक जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ; नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. संगीत भास्कर चंदावरकर यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नाटकाचा कणा म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची भिंत. त्या भिंतीतील माणसाला वेगळे नाव नाही. पण एकाची लय चुकली की सारे दृश्य ढासळते. वाद उद्भवला, संस्थेने प्रयोग थांबवले, आणि १९७३ मध्ये ही मंडळी बाहेर पडून थिएटर अकॅडमी स्थापती झाली. १९८० मध्ये हेच नाटक युरोपात गेले.

२८/
हौशी आणि व्यावसायिक यांच्यातील भिंत किती पातळ होती, याचे उदाहरण श्रीराम लागू. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद. नाटकातील घडण प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिकमधली. १९६९ च्या सुमारास वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. २३ डिसेंबर १९७० रोजी 'नटसम्राट' रंगमंचावर आले, ते धि गोवा हिंदू असोसिएशनतर्फे. मुंबईतील गोवेकरांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली ही समाजसेवी संस्था. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपुरात रंजन कला मंदिर ही हौशी संस्था चालवत आलेले. व्यावसायिक रंगभूमीच्या या शिखराचा पाया तीन गावांच्या हौसेचा होता.

२९/
रंगायननंतर अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' काढली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. झगमगते नाट्यगृह नाही, प्रेक्षक आणि नट यांच्यात फारसे अंतर नाही, खर्च बेताचा. 'छबिलदास चळवळ' हे नाव पडले ते एका शाळेवरून, हे विसरू नका. राजवाड्याच्या आश्रयाने सुरू झालेले मराठी नाटक सव्वाशे वर्षांनी शाळेच्या सभागृहात नव्याने श्वास घेत होते.

३०/
या इतिहासातून आजच्या नवख्याला काय घेता येईल? भूमिका मिळेपर्यंत वाट पाहू नका. विंगेतील संहिता, नेपथ्याच्या फळ्या, रंगभूषेची पेटी, जमाखर्चाची वही, यांपैकी कोणतेही काम मागून घ्या. रंगीत तालमीच्या रात्री त्या कामाचे मोल कळते. दुसरे, आत गेल्यावर चौफेर पाहा. कोण बोलते, कोणाला कधीच बोलू दिले जात नाही, कोणासाठी दार अर्धवट लावलेले आहे? आणि तिसरे, पुढच्या वर्षी तुम्ही जुने व्हाल, तेव्हा दाराशी घुटमळणाऱ्याला आत बोलावण्याची जबाबदारी तुमची असेल.

३१/
शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याची विनंती. मोठ्या कंपन्यांच्या नटांनी आत्मचरित्रे लिहिली. हौशी मंडळांच्या मागे राहतात ती हस्तपत्रके, शिसपेन्सिलीच्या खुणांनी भरलेल्या संहिता, वर्गणीच्या पावत्या आणि मागे कोणाचेही नाव न लिहिलेली छायाचित्रे. घर रंगवताना हेच आधी रद्दीत जाते. तुमच्या आजोबांनी चाळीच्या नाटकात काम केले असेल, आजीने एखाद्या स्पर्धेत, किंवा शेजारच्या काकूंनी 'नाइट'वर गावोगाव, तर या आठवड्यात त्यांच्यापाशी बसा. नाटकाचे नाव, वर्ष, ठिकाण आणि सोबतच्या माणसांची नावे लिहून घ्या. छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे घाला. पडदा ओढणाऱ्याचे नावही विचारायला विसरू नका.